नाव चुकू नये, मत हरवू नये : वार्षिकांक आणि विद्यार्थी मंडळाविषयी वाचकांचे प्रश्न

शाळेचा वार्षिकांक आणि विद्यार्थी मंडळ यांविषयी आलेल्या पत्रांपैकी कामाच्या तपशिलात शिरणारी पत्रे या वेळी निवडली आहेत. एकाच अडचणीची दोन-तीन पत्रे होती, ती एकत्र केली. वार्षिकांक म्हणजे इथे शाळेतल्या प्रत्येकाचे छायाचित्र, नाव आणि वर्षभराच्या घडामोडी असलेले पुस्तक, ज्याला हल्ली इयरबुक म्हणतात. निव्वळ कथा-कवितांचा अंक अभिप्रेत नाही.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत यंदा प्रथमच असा वार्षिकांक काढायचा आहे. विद्यार्थी ६००, तुकड्या १५. किती पाने धरावीत आणि काम कुठून सुरू करावे? (संपादन समितीच्या मार्गदर्शक शिक्षिका)

उत्तर : पानांचा आकडा मनाने ठरवू नका, फर्म्यावरून ठरवा. छापखान्यात मोठ्या कागदावर एकदम ८ किंवा १६ पाने छापून घडी घातली जाते. त्या घडीला फर्मा म्हणतात. म्हणून एकूण पाने ८ किंवा १६ च्या पटीत असली की कागद वाया जात नाही. ६४ पाने दोन्ही हिशेबांत बसतात. मजकूर वाढून ६६ पाने झाली, तर त्या दोन पानांसाठी आणखी एक फर्मा लागतो आणि सहा पाने कोरी उरतात. ती भरायला शेवटच्या आठवड्यात जे काही घातले जाते, ते अंकातले सर्वांत कच्चे काम असते.

आता ६४ पानांची वाटणी. ए-फोर आकाराच्या एका पानावर ४ स्तंभ आणि ५ ओळी म्हणजे २० चेहरे नीट बसतात. प्रत्येक छायाचित्र ३२ × ४० मि.मी. आणि खाली नावासाठी ७ मि.मी. एका तुकडीतली ४० मुले एकाच पानावर कोंबायचा मोह होतो. पण मग चेहरे जेमतेम २५ मि.मी. रुंद होतात आणि लांब नावे दोन ओळींतही मावत नाहीत. तेव्हा तुकडीला समोरासमोरची दोन पाने द्या. तुकड्यांची ३० पाने झाली. शिक्षक आणि सर्व कर्मचाऱ्यांना ४ पाने द्या, आणि त्यांत शिपाई, ग्रंथालय सहायक, सफाई कर्मचारी हे सगळे नावानिशी आलेच पाहिजेत. सुरुवातीची २, नामसूचीला ४. उरलेली २४ पाने स्पर्धा, कार्यक्रम, खेळ आणि रोजच्या शाळेसाठी. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ आतून-बाहेरून मिळून ४ पाने होतात, ती यात धरलेली नाहीत.

हा आराखडा मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावा. पान १ एकटे उजवीकडे येते, मग २-३, ४-५ अशा जोड्या होतात आणि ६४ पुन्हा एकटे डावीकडे. तुकडीची जोडपाने नेहमी सम क्रमांकाच्या पानापासून सुरू करा. हे सुटले की पहिल्या वीस मुलांचे पान उलटल्यावर मागे पुढचे वीस येतात आणि तुकडी तुटते.

वेळापत्रक वाटपाच्या दिवसापासून मागे मोजा. छपाई आणि बांधणीला ४ आठवडे, मुद्रिते (छपाईआधी तपासायला येणाऱ्या नमुना प्रती) तपासायला २ आठवडे. त्याआधीचा काळ १६-१६ पानांच्या चार मुदतींत वाटा. पहिल्या दोन मुदतींत वर्षाच्या सुरुवातीचे कार्यक्रम आणि तुकड्यांची पाने घ्या, कारण ती लवकर पूर्ण होऊ शकतात. सगळी ६४ पाने एकाच तारखेला द्यायची ठरवली, तर पहिले तीन महिने कोणी हात लावत नाही.

प्रश्न : मागच्या अंकात एका तुकडीत अकराव्या मुलापासून पुढची सगळी नावे एकेक घराने सरकली. मुले हिरमुसली. हे कशाने होते? (वर्गशिक्षक)

उत्तर : जवळजवळ नेहमी गैरहजेरीने. छायाचित्रकार हजेरीच्या क्रमाने फोटो काढत जातो, अकरावा मुलगा त्या दिवशी आलेला नसतो, कोणी तशी नोंद करत नाही. नंतर संगणकावर बसलेला विद्यार्थी फोटोंना ओळीने १, २, ३ असे क्रमांक देतो आणि बाराव्याच्या चेहऱ्याखाली अकराव्याचे नाव जाते. तुकडीच्या पानावरची एकूण संख्या पाहून ही चूक दिसत नाही. अखेरच्या घरात एक नाव उरते आणि तेही कोणीतरी घाईत काढून टाकते.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक मुलाचा पहिला फोटो हातात पाटी धरून काढा. पाटीवर खडूने इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक. मग पाटी बाजूला ठेवून तीन फोटो. संगणकावर निवड करताना पाटीच्या फोटोवरूनच फाइलला नाव द्या : इयत्ता, तुकडी, क्रमांक, या क्रमाने. क्रमांक दोन अंकी लिहा, ०१ ते ४०. नाहीतर संगणकाच्या यादीत १ नंतर १० येतो. शेजारी एक विद्यार्थी हजेरीपत्रकाची प्रत घेऊन बसलेला असावा. आलेल्यापुढे खूण, न आलेल्यापुढे गोल. राहिलेल्यांसाठी आठवड्याभरात एक दिवस आणि महिन्याने दुसरा दिवस आधीच जाहीर करा. दोन्ही दिवस चुकलेल्या मुलाच्या घरी निरोप जाऊ द्या. कोऱ्या चौकटीखाली 'छायाचित्र उपलब्ध नाही' असे छापणे हा अगदी शेवटचा मार्ग आहे.

त्याच पत्रात चेहरे लहान-मोठे येतात अशीही तक्रार आहे. स्टूल आणि कॅमेऱ्याचा स्टँड यांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा. मूल भिंतीपासून दीड मीटर पुढे बसवले की मागे काळी सावली पडत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा, म्हणजे लहान-मोठ्या उंचीच्या मुलांसाठी स्टूल नाहीतर स्टँड खालीवर करावा लागेल. हा कंटाळा करू नका. फोन वापरत असाल तर दोन मीटर लांब उभे राहून दुपटीने झूम करा. जवळ जाऊन काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान दिसतात. उजेड खिडकीतून तिरका घ्या आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोलचा तक्ता उभा करा. चष्म्यावर चमक आली तर काड्या कानांवर किंचित उचलून काचा खाली झुकवा. चष्मा काढायला सांगू नका, त्या मुलाचा रोजचा चेहरा चष्म्यासकटच आहे. रंगांचा समतोल कॅमेऱ्यावर सोडू नका, एकदा ठरवून स्थिर ठेवा, नाहीतर एकाच गणवेशाचा रंग दर फोटोला बदलतो.

पान लावताना ४० मि.मी. उंचीच्या चौकटीत हनुवटीपासून डोक्यापर्यंत २४ मि.मी., डोक्यावर ४ मि.मी. मोकळे, डोळ्यांची रेषा वरून १६ मि.मी. हे माप एकदा पारदर्शक चौकटीत आखून घेतले की सगळे चेहरे एका रांगेत येतात. एका तुकडीला ५० मिनिटे धरा.

प्रश्न : वार्षिकांकातली देवनागरी नावे छापून येताना बिघडतात. जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. मजकूर तर बरोबर टंकलेला असतो. शिवाय नामसूचीचा क्रम कसा लावावा यावर आमच्यात एकमत होत नाही. (संपादन समितीतले विद्यार्थी)

उत्तर : तुमची पहिली अडचण दोन ठिकाणांहून येऊ शकते. एक, मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला एकच ठरावीक संगणकीय क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर असते. युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार, 'पाऱ्या'तला 'ऱ्', 'द्ध', 'द्य' आणि 'श्र' यांची हमखास मोडतोड होते. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी युनिकोडमध्येच टंकावे, आणि छापखान्यालाही फाइल जुन्या फॉन्टमध्ये बदलू देऊ नये.

दोन, पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरची मांडणी. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (अक्षरजुळणीचा पर्याय) निवडावा लागतो. तो न निवडल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून वेगळी होतात. ही निवड परिच्छेदाच्या शैलीतच करून ठेवा, म्हणजे प्रत्येक पानावर पुन्हा करावी लागणार नाही.

एक बारीक खाच आणखी आहे. 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' अशा आडनावांतला 'ऱ्' दोन प्रकारांनी टंकता येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते निराळे शब्द वाटतात. मग शोध घेतला की अर्धीच पाने सापडतात आणि नामसूचीत त्या मुलाचा एखादा पानक्रमांक गळतो. यावर उपाय असा की नावे कोणीही पुन्हा टंकायची नाहीत. एकच मूळ यादी, तिच्यातून नक्कल करून सगळीकडे.

ती मूळ यादी शुद्धलेखनाच्या नियमाने दुरुस्त करू नका. 'सुनिता' आणि 'सुनीता' यांत मूल स्वतः कसे लिहिते ते प्रमाण. तुकडीची यादी छापून प्रत्येकाला आपल्या नावापुढे सही करायला द्या. चूक असेल तर त्याच्याच हस्ताक्षरात दुरुस्ती घ्या. मुद्रित तपासताना एकाने ही सही केलेली यादी काना-मात्रेसह मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून पाहावे. दोन तुकड्या झाल्या की अदलाबदल करा. ज्याने पान लावले त्याने त्या पानाची नावे तपासू नयेत, त्याच्या डोळ्यांना चूक दिसत नाही.

नामसूचीच्या क्रमाविषयी : संगणक युनिकोडच्या क्रमाने लावतो तेव्हा 'अंजली' ही 'अक्षय'च्या आधी येते, 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे येतो आणि 'क्षितिजा' क-मध्ये, 'ज्ञानेश' ज-मध्ये शिरतो. शाळेत शिकवलेल्या वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ शेवटी आहेत. आमचे मत असे की शाळेच्या पुस्तकात शाळेची वर्णमाला वापरावी आणि क्ष, ज्ञ यांचे गट हाताने शेवटी न्यावेत. काहीही ठरवा, पण नामसूचीच्या माथ्यावर एका ओळीत ते छापा. आडनाव आधी की नाव आधी, हेही त्याच ओळीत सांगा.

प्रश्न : पालक आणि विद्यार्थी फोनवरून पाठवतात ते फोटो छापल्यावर अंधूक का दिसतात? (कला शिक्षक)

उत्तर : छपाईला दर इंचामागे ३०० पिक्सेल लागतात. संदेशाच्या ॲपवरून साधा फोटो पाठवला की ॲप तो लहान करून पाठवते. समजा लांब बाजू १६०० पिक्सेल उरली, तर तो फोटो साडेतेरा सेंटिमीटरपर्यंतच चांगला छापला जाईल. पूर्ण पानभर, कडेच्या ३ मि.मी. कटाईसह, छापायचा तर सुमारे २५५० × ३५८० पिक्सेल हवेत. संगणकावर ताणून आकडा वाढवता येतो, तपशील वाढत नाही. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा सामायिक फोल्डरमध्ये मूळ फाइल घ्या. ॲपवरून आलेल्या फोटोतून काढल्याची तारीखही बहुधा पुसली जाते आणि मग कार्यक्रम कोणता होता यावर वाद होतात.

सभागृहातले फोटो हलतात त्याचे कारण वेगळे. अंधारात कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. नृत्यासाठी सेकंदाचा २५० वा भाग आणि खेळासाठी ५०० वा भाग धरा, मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढून थोडे दाणे आले तरी चालतील. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला नाही.

पडद्यावरचा झगझगीत निळा आणि हिरवा रंग चार शाईंच्या छपाईत मंद होतो, म्हणून रंग ठरवण्याआधी एक पान छापून पाहा. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाई मिसळून केलेला काळा जरा सरकला की मात्रांना रंगीत कडा येतात. फोटोवर पांढऱ्या अक्षरांत बारीक मजकूर दिलात तर अनुस्वार शाईने भरून जातात. आणि जोडपानांच्या मधल्या घडीत कोणाचाही चेहरा येऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्या अंकात दरवर्षी तीच तीच मुले दिसतात, त्यातही मंडळाचे पदाधिकारी. बाकीच्यांना स्वतःचा चेहरा एकदाच सापडतो. यावर काही पद्धत आहे का? (इयत्ता नववीतली विद्यार्थिनी)

उत्तर : तुझा प्रश्न आम्हाला या सगळ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटला. पद्धत आहे आणि ती हिशेबाची आहे.

वर धरलेल्या ६४ पानांच्या अंकात कार्यक्रमांची २४ पाने आहेत. पानावर सरासरी ८ फोटो आणि फोटोत ओळखू येतील असे ३ चेहरे धरले तर २४ × ८ × ३ म्हणजे ५७६ जागा होतात. विद्यार्थी ६००. म्हणजे तुकडीच्या पानाखेरीज प्रत्येकाला जेमतेम एक जागा आहे. एखाद्या पदाधिकाऱ्याचे सहा फोटो आले की पाच जणांची जागा गेली. हा आकडा समितीच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहावा.

नंतर ६०० ओळींची वही किंवा तक्ता करा. पान पूर्ण झाले की त्यावरच्या प्रत्येक ओळखू येणाऱ्या चेहऱ्यापुढे पानक्रमांक लिहायचा. तीस जणांचा समूहफोटो यात मोजू नका, त्यात चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे असतात. निम्मी पाने झाली की तक्त्यात ज्यांच्यापुढे काहीच नाही अशांची यादी काढा आणि ती छायाचित्र काढणाऱ्यांत वाटा. ही मुले मंचावर नसतात. ती प्रयोगशाळेत, बसथांब्यावर, ग्रंथालयात, मैदानाच्या कडेला असतात, तेव्हा फोटोही तिथे जाऊन काढावे लागतात. जागा वाढवायची असेल तर प्रत्येक कार्यक्रमाच्या पानावर एक पट्टी ठेवा : एक प्रश्न आणि दहा विद्यार्थ्यांची बारा-बारा शब्दांची उत्तरे, नावासह. २४ पानांत २४० जण आणखी आले. हाच तक्ता शेवटी नामसूची बनतो, दुप्पट काम होत नाही.

फोटोखालच्या ओळीत 'एक क्षण' किंवा 'विद्यार्थी आनंद लुटताना' असे लिहिलेले पान वीस वर्षांनी मुके होते. डावीकडून उजवीकडे पूर्ण नावे, काय चालले आहे, कुठे, कोणत्या महिन्यात, एवढे लिहावे.

प्रश्न : मुले एकमेकांना गमतीच्या उपाध्या देतात आणि त्या अंकात छापाव्यात असा मंडळाचा ठराव आहे. संपादन समितीला तो बंधनकारक आहे का? (संपादक विद्यार्थी)

उत्तर : शाळेच्या नियमावलीत तसे लिहिलेले नसेल तर नाही, आणि लिहिलेले असेल तर ते बदलून घ्या. मंडळाने निधी द्यावा, कार्यक्रमांची यादी द्यावी. पानांवर काय जाईल हे समिती आणि मार्गदर्शक शिक्षक ठरवतील, अशी रेघ वर्षाच्या आरंभीच लेखी असावी. मंडळाचा अध्यक्ष आणि अंकाचा संपादक एकच व्यक्ती नसावी.

उपाध्यांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : रंग, अंगकाठी, उंची, बोलण्याची ढब, गुण, जात, कोणाशी मैत्री यांवरची एकही नको. ज्याला ती दिली तो वर्गात हसला तरी घरी हसत नसतो, आणि पुस्तक राहते. उपाध्या हव्याच असतील तर कामावरच्या घ्या आणि त्या विद्यार्थ्याची लेखी संमती घ्या. विद्यार्थ्यांनी दिलेली वाक्ये दोन जणांनी वाचावीत. न कळणारा शब्द असेल तर अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ओळींची पहिली अक्षरे जोडूनही वाचा, त्यांत एखादा शब्द लपवलेला असू शकतो. जन्मतारीख, पत्ता, फोन क्रमांक कोणाचाही छापू नका. ज्या पालकांनी छायाचित्राला नकार दिला आहे त्यांच्या पाल्यांची यादी पाने लावणाऱ्याच्या टेबलावर सतत असावी, कारण अशी मुले समूहफोटोत मागच्या रांगेतून हमखास निसटून छापली जातात.

प्रश्न : मंडळाच्या निवडणुकीत तीन उमेदवार होते. जिंकलेल्याला ४० टक्के मते मिळाली. बाकीचे म्हणतात की ६० टक्क्यांना तो नको होता. पद्धत बदलावी का? (पर्यवेक्षक)

उत्तर : तीन किंवा अधिक उमेदवार असतील तर पसंतीक्रमाने मतदान घ्या. मतदार नावापुढे १, २, ३ लिहितो. समजा ४०० वैध मते आहेत आणि पहिल्या पसंतीत अ-ला १६०, ब-ला १३०, क-ला ११० मिळाली. निम्म्याहून जास्त कोणालाच नाहीत, म्हणून सर्वांत कमी असलेला क बाद. त्याच्या ११० पत्रिकांवरची दुसरी पसंती पाहायची. ८० जणांनी ब, २० जणांनी अ लिहिले, १० जणांनी पुढे काहीच लिहिले नाही. आता अ १८० आणि ब २१०. शिल्लक ३९० पत्रिकांचे निम्मे १९५, म्हणून ब निवडून आला. मतमोजणीला वीसेक मिनिटे जास्त लागतात. पण ही पद्धत निकालानंतर बदलू नका. या वर्षीचा निकाल आहे तसाच ठेवून पुढल्या वर्षीच्या नियमांत ती घाला.

पत्रिकेवर सर्वांत वर असलेल्या नावाला थोडा फायदा मिळतो. तीन उमेदवारांसाठी तीन प्रकारच्या पत्रिका छापा, प्रत्येकात नावांचा क्रम फिरवलेला, प्रत्येकी १४०. एकूण ४२० झाल्या. संध्याकाळी हिशेब असा जुळला पाहिजे : न वापरलेल्या १७, दिलेल्या ४०३, पेटीत ४०२, त्यांत बाद २, वैध ४००. एक पत्रिका कोणीतरी खिशात नेली, तशी नोंद करून उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्या. पत्रिकेवर मतदाराचा क्रमांक लिहू नका. मतदान केल्याची खूण फक्त हजेरीच्या यादीत. ऑनलाइन अर्जावर मतदान घेतलेत तर हीच अडचण येते : खात्याचा पत्ता नोंदवला तर गुप्तता जाते, न नोंदवला तर एक जण पाच वेळा मत देतो. शाळेच्या पातळीवर कागद आणि पेटी अधिक भरवशाची.

प्रश्न : मी मंडळाची सचिव आहे. बैठकीत तासभर बोलणे होते, ठरत काहीच नाही. इतिवृत्तात मी सगळ्यांचे बोलणे लिहिते, पण ते कोणी वाचत नाही. (इयत्ता दहावी)

उत्तर : सगळ्यांचे बोलणे लिहिणे आधी थांबव. इतिवृत्तात तारीख, उपस्थित, गणपूर्ती (निर्णयासाठी लागणारी किमान उपस्थिती) झाली की नाही, ठराव जसाच्या तसा, सूचक, अनुमोदक, बाजूची आणि विरुद्ध मते, आणि शेवटी काम, कोण करणार, कधीपर्यंत, एवढेच लिहायचे. एका पानात मावते. दुसऱ्याच दिवशी ते फलकावर लाव.

विषयपत्रिका तीन दिवस आधी दे आणि प्रत्येक विषयापुढे मिनिटे लिही. 'स्नेहसंमेलन' हा विषय म्हणून फार मोठा आहे. 'स्नेहसंमेलनाची तारीख दोन पर्यायांतून निवडणे' असे लिहिलेस तर दहा मिनिटांत संपतो. ठराव लेखी आल्याशिवाय चर्चा सुरू करू नका. बोलत बोलत ठराव बनवायला गेले की शेवटी मत कशावर दिले यावरच दुमत होते. पहिली पाच मिनिटे मागच्या बैठकीतल्या कामांना दे, नावे घेऊन. गणपूर्ती नसेल तर चर्चा करा, निर्णय घेऊ नका.

प्रश्न : कार्यक्रमाच्या तिकिटांचे पैसे आणि हिशेब कधीच जुळत नाहीत. चोरी होते असे म्हणावे का? (मंडळाचे मार्गदर्शक)

उत्तर : तसा निष्कर्ष लगेच काढू नका. बहुतेक वेळा जमलेल्या रोकडीतूनच ध्वनिवर्धकवाल्याला किंवा सजावटीला पैसे दिले जातात आणि पावती राहून जाते. जमा सगळी आधी भरा. खर्चासाठी वेगळी आगाऊ रक्कम सही घेऊन द्या. तिकिटे क्रमांकित असू द्यात आणि प्रत्येक विक्रेत्याला दिलेले पहिले व शेवटचे क्रमांक लिहून ठेवा. १०१ ते २०० दिली आणि १७४ पासूनची परत आली, तर ७३ विकली गेली. तेवढ्याच तिकिटांचे पैसे हवेत. फुकट दिलेली तिकिटे वेगळ्या रंगाची करा. पैसे नेहमी दोघांनी मोजायचे आणि दोघांनी सही करायची. एकट्या विद्यार्थ्यावर रोकड सोपवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे, कारण आकडा चुकला तर स्वतःची बाजू मांडायला त्याच्याकडे साक्षीदार नसतो.

प्रश्न : किती प्रती छापाव्यात, आणि छापून आल्यावर चूक सापडली तर काय करता येते? (मुख्याध्यापिका)

उत्तर : आगाऊ नोंदणी घ्या आणि नोंदलेल्या संख्येवर ३ ते ५ टक्के जास्त छापा. ऑफसेट छपाईत आधी प्लेट बनवाव्या लागतात आणि तो खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती वाढतात तसा एका प्रतीचा खर्च उतरतो. शे-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई बहुधा परवडते. ६४ पानांना मधल्या पिनांची बांधणी चालते, पण जाड आर्ट पेपर घेतलात तर पुस्तक फुगून उघडे राहते आणि आतली पाने बाहेर सरकतात. आत १०० ते १३० जीएसएम (दर चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आणि मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम पुरे. पुस्तक रोज हाताळले जाणार असेल तर जुजबंदी (फर्मे दोऱ्याने शिवून केलेली बांधणी) करून घ्या. नुसत्या गोंदाची पाने काही वर्षांत सुटतात.

अंतिम पीडीएफ छापखान्यात पाठवण्याच्या दिवशी फाइल बंद करा आणि उघडण्याचा अधिकार दोघांपुरताच ठेवा. तपासून झालेल्या पानात नंतर केलेला 'छोटासा' बदल हे मोठ्या चुकांचे नेहमीचे कारण असते. कोणी गंमत म्हणून नावही बदलू शकते. छापखान्याकडून आलेले शेवटचे मुद्रित पहिल्यापासून चौसष्टाव्या पानापर्यंत पुन्हा पाहा, बदल एकाच पानावर केला असला तरी.

आणि छापखान्याला आधीच सांगून ठेवा की बांधणीपूर्वी छापलेल्या फर्म्यांचा एक संच शाळेत पाठवा. बांधणीआधी चूक सापडली तर तेवढा एकच फर्मा पुन्हा छापावा लागतो. बांधणीनंतर सापडली आणि नाव चुकले असेल, तर त्याच कागदावर, त्याच अक्षरांत छापलेली चिकटपट्टी नावाच्या ओळीपेक्षा १ मि.मी. मोठी कापून प्रत्येक प्रतीत लावा. एखादे मूल सुटलेच असेल तर त्याच्या छायाचित्राची पट्टी छापून तुकडीच्या पानाशी ४ मि.मी. गोंदाने जोडा. हे काम संपादन समितीने स्वतः बसून, वाटपाच्या आधी पूर्ण करावे. त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या घरी मुख्याध्यापकांनी आधी कळवावे, म्हणजे वाटपाच्या दिवशी इतरांच्या तोंडून त्याला ते कळणार नाही.